अंगठ्याएवढ्या जागेचा नकाशा

साशंक : चित्रं सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, जेमतेम अंगठ्याएवढा, आणि त्यातला एकेक पेशीपुंज तू वेगळ्या रंगात दाखवतेस. पण अंबाजोगाईत बसून पहिला प्रश्न हाच पडतो की हे कुणाच्या कामाचं? इथे १९७४ साली मेडिकल कॉलेज निघालं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव त्याला आहे आणि ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं असा त्याचा लौकिक आहे. त्यामागची कल्पना सरळ होती : रोगी जिथे आहे तिथेच डॉक्टर तयार व्हावा. आता या मुलखातला रोगी कसा येतो ते बघ. रात्री दोनला जीपमधून एकाला उतरवतात, शुद्ध नाही, बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. पुस्तकात याची दोन मोठी कारणं दिलीत. एक, पॉन्समध्ये, म्हणजे या देठाच्या मधल्या भागात, रक्तस्राव. दुसरं, शेतात फवारायचं ऑर्गॅनोफॉस्फरस औषध पोटात गेलेलं. दोन्ही ब्रेनस्टेमपर्यंत पोचणारीच, कारण हे विष श्वासाच्या केंद्रालाही दाबतं. पण निवाडा कशावर होतो? तोंडातून लाळ गळतेय का, अंग घामाने भिजलंय का, छातीत घरघर आहे का, मांडीच्या स्नायूंत बारीक फुरफुर दिसते का, आणि तोंडाचा तो लसणासारखा वास. एवढं दिसलं की अॅट्रोपिन सुरू, आणि छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. यात तुझ्या नकाशाचं पान कुठे उलटायचं?

उत्साही : कुठेच नाही, सर. विष प्यायलेल्या माणसाला कुणी एमआरआयमध्ये सरकवणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला त्या खोलीत नेणं हीच एक मोहीम असते; साधा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत गेला तरी चुंबक तो खेचून घेतं. पण तुम्ही नकाशा आणि तपासणी यांची गल्लत करताय. बाहुल्या बघून तुमच्या तोंडी पॉन्सचं नाव येतं, कारण ते नातं कुणीतरी आधी मेंदूचे काप काढून लावून ठेवलंय. नकाशा एकदा होतो, आणि मग तो न बघणाऱ्याच्याही बोटांत उतरतो. मला आणखी बारीक नकाशा का हवा, ते एका रोग्यावरून सांगते. बॅसिलर धमनी तुंबली की पॉन्स मरतो. पॉन्सचा पुढचा भाग गेला तर हातापायांकडे जाणाऱ्या तारा तुटतात. माणूस हलू शकत नाही, बोलू शकत नाही, पण पूर्ण जागा असतो. मागचा भाग गेला तर जागच जाते. मोरुझ्झी आणि मॅगून यांनी १९४९ साली मांजरांवर दाखवलं की मेंदूला जागं ठेवणारी यंत्रणा या देठातून वर जाते. या दोन रोग्यांमध्ये अंतर किती? काही मिलिमीटर. आणि आपण रिपोर्टमध्ये दोघांनाही एकच ओळ लिहितो : पॉन्समध्ये इन्फार्क्ट. त्यातला एक जण खाटेवर पडून आपलीच बोलणी ऐकत असतो.

साशंक : ऐकत असतो, खरं आहे. पण त्याला ओळखायला मला काय लागतं? वाकून त्याच्या कानात म्हणायचं, डोळे वर करा. डोळ्यांची वर-खाली हालचाल देठाच्या वरच्या भागातून, मिडब्रेनमधून, चालते, ती बहुधा वाचलेली असते. त्याने वर बघितलं की निकाल लागला. फुकटात, पाच सेकंदांत. हे न करता ज्याने रिपोर्टची वाट बघितली तो चुकला, आणि त्याच्या हाती तुझी सूक्ष्म चित्रं दिली तरी तो चुकेलच. माझी भीती यंत्राची नाही गं. यंत्र आलं की वाकणं बंद होतं, ही आहे. बरं, ते असो. हा नकाशा होतो कसा, ते सांग. कारण मला कळतं त्याप्रमाणे ब्रेनस्टेम ही एमआरआयला सगळ्यात नकोशी जागा.

उत्साही : नकोशीच. बाजूला हवेने भरलेल्या पोकळ्या आणि कवटीच्या तळाचं हाड, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तिथे वाकडंतिकडं होतं. भोवती पाणी आहे, ते हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हिंदकळतं, त्याबरोबर देठही थरथरतो. आणि बघायचं ते केवढं? लोकस सेरुलियस घ्या. साऱ्या मेंदूला नॉरअॅड्रेनलिन पुरवणारा हा पुंज लांबीला दीड सेंटिमीटर आणि जाडीला दोन मिलिमीटर. नेहमीच्या तपासणीत एमआरआयचा एक ठिपकाच मिलिमीटरभर असतो, म्हणजे त्याच्या रुंदीत दोन ठिपके बसले तर बसले. ठिपका निम्मा करायचा म्हटलं तर तिन्ही बाजूंनी निम्मा होतो, संकेत एक अष्टमांश उरतो, आणि तो पूर्वीइतका स्वच्छ मिळवायला चौसष्टपट वेळ लागतो. पाच मिनिटांचं काम पाच तासांवर जातं. एवढा वेळ जिवंत माणूस निपचित पडून राहणार नाही.

साशंक : म्हणून मेलेला घेता.

उत्साही : म्हणून आधी मृताचा घेतात, हो. २०१९ साली अमेरिकेत एका ५८ वर्षांच्या बाईंचा संपूर्ण मेंदू, त्यांच्या मृत्यूनंतर, ७ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात सुमारे शंभर तास ठेवून चित्रित केला. ठिपका होता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा. जिवंत माणसासाठी वाट वेगळी : चुंबक मोठं करायचं. फ्रान्समध्ये ११.७ टेस्लाचं यंत्र बांधलंय, त्यातून २०२४ साली जिवंत मेंदूची पहिली चित्रं आली. मिलिमीटरभर जाडीच्या कापात मिलिमीटरच्या पाचव्या भागाचा तपशील, आणि वेळ फक्त चार मिनिटं. या दोन टोकांमध्ये नकाशा तयार होतो. मृत मेंदूवरून सीमा आखायच्या, जिवंतांच्या कमी बारीक चित्रांवर त्या बसवून बघायच्या, अनेक माणसांवर बसवायच्या, आणि अमुक ठिकाणी अमुक पुंज असण्याची शक्यता किती ते लिहायचं.

साशंक : म्हणजे एका अमेरिकन बाईचा फॉर्मेलिनमधला मेंदू. फॉर्मेलिनने ऊती आक्रसते, तिच्यातल्या पाण्याचं वागणं बदलतं, आणि एमआरआय बघतं काय, तर पाण्यातला हायड्रोजन. पेशी ते बघतच नाही. पाण्याच्या वागण्यावरून पेशी कुठे असतील याचा तर्क करतं. त्या तर्काला तू रंग दिलेस आणि नावं दिलीस. आपल्या गावातली गोष्ट सांगू? दासोपंतांची पासोडी आहे ना इथे, चाळीसेक फूट लांबीचं कापड. सोळाव्या-सतराव्या शतकातला माणूस, आणि अख्खं पंचीकरण त्याने कापडावर मांडलं. पंचमहाभूतांपासून देह कसा घडला, ते सारं शिस्तीत. त्या परंपरेत प्राणांच्याही जागा ठरलेल्या असतात : हृदयात प्राण, नाभीत समान, कंठात उदान. मांडणी इतकी नेटकी की बघणाऱ्याने मान डोलवावी. पण मांडणी नेटकी आहे म्हणून प्राण कंठात सापडला का? तुझे रंग बघून मला तीच शंका येते.

उत्साही : पासोडीला मी हसणार नाही. एवढ्या लांब कापडावर देहाचा विचार सगळ्यांना दिसेल असा मांडावा, ही हौस मला माझ्याच जातीची वाटते. पण माझा नकाशा खोटा ठरू शकतो, हा फरक सोडू नका. मी म्हटलं की इथे लोकस सेरुलियस आहे, तर तोच मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो. तिथे त्या पेशी नसल्या तर मी चूक. ओल्शेव्स्की आणि बॅक्स्टर यांनी १९५४ साली मानवी ब्रेनस्टेमच्या पेशींचा जो ग्रंथ काढला तो असाच कापांवर उभा आहे, आणि आजही सगळे आपापली चित्रं त्याच्याशी ताडून बघतात. तुम्ही म्हणता एकाच बाईंचा मेंदू. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे काम फक्त तिकडे होऊन चालणार नाही. आयआयटी मद्रासने २०२४ साली गर्भावस्थेतल्या मेंदूचा नकाशा काढला, धरणी नाव दिलं. ५,१३२ काप, प्रत्येक पेशी दिसेल इतके बारीक. मुंबईच्या समीर संस्थेत देशी एमआरआय यंत्र घडतंय. दीड टेस्लाचं आहे, चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवायचं २०२५ साली जाहीर झालं. दीड टेस्लावर असले नकाशे निघत नाहीत, कबूल. पण ७ टेस्लावर कुठे बघायचं ते एकदा ठरलं की ३ टेस्लावरही बघता येतं. देठातल्या सबस्टॅन्शिया नायग्रा आणि लोकस सेरुलियस या पुंजांत न्यूरोमेलॅनिन नावाचं काळसर रंगद्रव्य असतं. ते उजळ दिसेल अशी पद्धत जपानी संशोधकांनी २००६ साली ३ टेस्लाच्या यंत्रावरच दाखवली. पार्किन्सनमध्ये ही उजळ रेघ फिकी पडते. ब्राक या संशोधकाने २००३ साली मांडलं की हा आजार वर पोचण्याआधी खाली देठाच्या तळाशी, मेड्युलात, सुरू होतो, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी.

साशंक : आणि ते कळून मी त्या माणसाला काय सांगू? तुम्हाला दहा वर्षांनी कंप सुटणार आहे, तो थांबवायला आज औषध नाही, पाच हजार रुपये काउंटरवर भरा? आधी कळण्याचं सुख कुणाला असतं ते मला ठाऊक आहे. मासिकात लेख लिहिणाऱ्याला. दुसऱ्या बाजूला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घे. कोकणात लाल विंचू चावून पोरं मरत होती, शेकडा चाळीसच्या आसपास. हा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटेशेजारी बसून राहिला. घाम कधी येतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कधी ढासळते, तासातासाला लिहीत गेला. १९८२ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. मग प्राझोसिन वापरून बघितलं, रक्तदाबाची साधी गोळी, आणि मृत्यू शेकड्याला एकावर आले. टेस्ला किती लागले?

उत्साही : बावस्करांचं नाव तुम्ही काढाल हे मला माहीत होतं. पण प्राझोसिनच का सुचलं हो त्यांना? विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो आणि अल्फा रिसेप्टर अडवले तर हृदयावरचा ताण उतरतो, हे शरीरशास्त्र त्यांच्या हाती आधीपासून होतं म्हणून. ते कुठल्या तरी प्रयोगशाळेत अशाच लोकांनी खणून काढलं होतं, ज्यांना विचारता आलं असतं, कुणाच्या कामाचं हे? खाट आणि प्रयोगशाळा यांची तुम्ही जी सवत-सवत लावलीय ती बावस्करांच्या आयुष्यात दिसत नाही. आणि एक गोष्ट तुम्ही टाळताय. आपल्या देशात मरण कुठे ठरतं? याच देठात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. अमेरिकेत संपूर्ण मेंदू बंद पडल्याची अट आहे. आपण इंग्लंडसारखी ब्रेनस्टेमची अट घेतली. ब्रेनस्टेमची सर्व कार्ये कायमची आणि परत न येण्याजोगी थांबली, म्हणजे मृत्यू. ज्या जागेवर माणूस जिवंत की मेलेला हे ठरतं, तिचा धड नकाशा असू नये?

साशंक : आता मुद्द्यावर आलीस. चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं. आणि तपासायचं कशाने ते बघ. टॉर्च, बाहुलीसाठी. कापसाची वात, बुबुळाला लावायला. कानात बर्फाचं पाणी, पन्नास मिलीची सिरिंज भरून, डोळे सरकतात का बघायला. नळीतून सक्शन कॅथेटर खाली घालून खोकला येतो का. शेवटी व्हेंटिलेटर सोडवायचं, नुसता ऑक्सिजन चालू ठेवायचा, आणि छातीकडे बघत आठ-दहा मिनिटं उभं राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठच्या वर गेला तरी छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. झालं. आता तुझा नकाशा काय करतो? तो मला सांगतो की या देठात डझनांनी पुंज आहेत. झोपेचे, रक्तदाबाचे, उलटीचे, वेदना दाबण्याचे. माझ्या टॉर्चने आणि कापसाने त्यातले मोजकेच तपासले जातात. कायदा म्हणतो सर्व कार्ये. तू जितका बारीक नकाशा काढशील तितकी त्या ‘सर्व’ची यादी लांबत जाणार. उद्या कुणी वकील तुझं चित्र कोर्टात धरून विचारेल, या पुंजात अजून रक्त फिरत होतं, याला मेलेला कसं म्हणालात? ज्या व्याख्येवर लोक आपल्या माणसाच्या किडन्या आणि यकृत देतात, ती तू पोखरतेस.

उत्साही : हा आक्षेप मला झोंबतो, कारण त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पुंज दिसणं आणि त्याचं कार्य चालू असणं एक नव्हे. रक्त फिरतंय म्हणून केंद्र चालतंय असं होत नाही. पण मी गप्प बसले म्हणून ती यादी आखूड होणार नाही. ते पुंज माझ्या चित्राआधीही तिथेच होते. लोकांचा विश्वास आपण जाणूनबुजून जाड्याभरड्या नकाशावर उभा ठेवायचा का? आणि तुमच्या टॉर्च-कापसालाही फसवणारं जनावर याच रानात आहे. मण्यार.

साशंक : मण्यारचं मलाच सांगायचं होतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि उजाडेपर्यंत श्वास थांबतो. विष मज्जातंतू स्नायूला भेटतो तिथे बसतं, मेंदूला शिवतही नाही. पण बाहेरून बघ : बाहुल्या विस्फारलेल्या आणि टॉर्चला दाद न देणाऱ्या, बुबुळाला कापूस लावला तरी हालचाल नाही, बर्फाच्या पाण्याने डोळे सरकत नाहीत, खोकला नाही, श्वास नाही. पुस्तकातला ब्रेनस्टेम मृत्यू, आणि आत माणूस शुद्धीवर. नातेवाईक आळीपाळीने अंबू पिशवी दाबत बसतात. चार-पाच दिवस श्वास चालवला तर त्यातले कितीतरी उठून घरी जातात. म्हणून तर कायद्याच्या तपासणीआधी विषबाधा नाकारायची अट असते.

उत्साही : मग इथे माझी बाजू घ्या ना. अशा माणसाचा एमआरआय केला तर देठ धडधाकट दिसेल. तुमच्या सगळ्या चाचण्या मेला म्हणताहेत आणि चित्र म्हणतंय इथे काहीच बिघडलेलं नाही. तेवढ्यानेच हात थांबेल की नाही?

साशंक : थांबावा. पण त्याचाच उलटा धोका आहे. गळफासातून काढलेला माणूस किंवा हृदय बंद पडून परत चालू झालेला माणूस, पहिल्या काही तासांत त्याचंही चित्र बरंचसं सरळ दिसू शकतं, आणि तो परत येत नाही. म्हणजे चित्र धडधाकट, चाचण्या शून्य; एक मण्यारवाला घरी जातो, एक फासावरचा जात नाही. तुझं चित्र सांगतं मोडलंय कुठे. माझी टॉर्च सांगते या क्षणी चालतंय का. बाहेर बाकावर बसलेली माणसं तिसरंच विचारतात : डॉक्टर, परत येईल का? त्याला ना तू पुरी पडतेस ना मी. मण्यारच्या वेळी निर्णय कशाने फिरतो ठाऊक आहे? रात्री कुठे झोपला होता, या एका प्रश्नाने. खाटेवर की खाली.

उत्साही : ते तिसरं मला सोडायचं नाहीये, सर. जाग ठेवणाऱ्या पुंजांचा आणि त्यांच्या वर जाणाऱ्या तारांचा आराखडा बॉस्टनच्या गटाने २०१२ साली मांडला, तो याच प्रश्नासाठी. कुठला पुंज वाचला तर माणूस डोळे उघडतो, कुठला गेला तर कधीच नाही, हे त्या आराखड्यावरून कळू शकेल. मात्र त्याला जोडी लागते. चित्र आज, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाचं काय झालं याची नोंद. तिकडच्या नोंदी तिकडच्या रोग्यांच्या आहेत : म्हातारपणीचे झटके, चकचकीत रस्त्यांवरचे अपघात. विष, मण्यार, हेल्मेटशिवायची मोटरसायकल, उसाच्या ट्रॉलीला मागून धडक, हे इथलं आहे. ही जोडी इथेच जमवावी लागेल, आणि तशी जमली तर तुमची तक्रार उरत नाही की नकाशा परक्याचा आहे. यंत्र लातूरला असो की संभाजीनगरला, मी चित्र मिळवीन. नोंद तुम्ही द्या. डिस्चार्जनंतर सहा महिन्यांनी माणूस चालतो का, बोलतो का, नावाने ओळखतो का, एवढंच.

साशंक : एवढंच म्हणतेस, पण हेच अवघड आहे. चुंबक पैशाने येतं. आपल्या फायलीत डिस्चार्जची तारीख ही शेवटची ओळ असते. दिलेला मोबाइल नंबर पुतण्याचा असतो आणि तो बदललेला असतो. आणि मण्यार जास्त करून चावते कुणाला, तर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जमिनीवर झोपणाऱ्याला. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला गाव सोडतो, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो, आणि गाळप आटोपल्यावर मार्च-एप्रिलला परत येतो. तुझे सहा महिने नेमके त्यात जातात.